काळोखांतील तारकागर्भ

उन्हाळ्यांत मंद्रूपच्या माळवदांवर अंथरुणें पडलीं कीं आकाशगंगेंतील काळे खंड दृष्टीस पडतात. तेथें तारेच नाहींत, असें मुलें म्हणतात. वस्तुतः धुळीच्या मेघांनीं मागचे तारे झांकलेले असतात.

अशा मेघांपैकीं लहान व दाट मेघ दुर्बिणीवांचून दिसत नाहींत. त्यांत तारे जन्मत असावे, असें अनुमान बार्ट बॉक व एडिथ रायली यांनीं १९४७ सालीं मांडलें. मेघाच्या पोटीं उष्णमान शून्याखालीं सुमारें २६० अंश; इतक्या थंडींत वायूचा दाब क्षीण होऊन मेघ स्वभारानें आकुंचन पावतो व मध्यभाग तापूं लागतो. द्रव्य थोडें, म्हणून तारेही बहुधा सूर्याएवढे किंवा त्याहून लहान. १९९० सालीं अवरक्त किरणांच्या साह्यानें असे नवजात तारे आढळले.

या आकुंचनास चुंबकत्व कितपत आवरतें? धूलिकण चुंबकत्वास अनुसरून ओळीनें राहतात, आणि त्यांतून गाळून आलेल्या प्रकाशाचें कंपन एका दिशेस झुकतें. तें मोजणारें पुण्याच्या आयुका संस्थेचें यंत्र अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दुर्बिणीस जोडून आठ मेघ तपासले गेले. तो वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला.

तेव्हां मुलांनीं पुन्हां विचारल्यास वडील मंडळींनीं सांगावें, बाळांनो, तेथें अजून उजाडावयाचें आहे.