मानपत्रे पुष्कळ झाली, आता निधी द्या!

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील ढोकरा कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुस्साडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री लाभली. २०२४ साली ते निवर्तले. गौरव झाला, पण भाकरीचे काय? २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा हे मानांकन ओझा कारागिराच्या चुलीस पुरले काय?

ढोकऱ्यात मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळ ओतले, तरच मूर्ती घडते. मानपत्र म्हणजे नुसता पोकळ साचा! त्यात पितळ कोणी ओतायचे? स्थानिक स्वराज्य संस्थांनीच! रस्त्यांप्रमाणे कलेच्या पुनरुज्जीवनाचीही रक्कम त्यांनी अंदाजपत्रकात लिहावी. कलावंत भीक मागत नाही. तो आपला हक्क मागतो आहे!