गाडी ब्रिटिश, गाव चाकण, हप्ता आपला

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये वाढलेल्यांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. कोरी वस्तू जुनी कशी दिसते, ती. कोऱ्या कापडाची जीन्स शिवायची, मग ती धुवून, घासून, रंग उडवून अशी करायची की कुणीतरी दोन वर्षं वापरलीय असं वाटलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे ती तशी दिसायला लागली की तिची किंमत वाढते!

हे आठवायचं कारण, गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या कॉलेजजवळच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. गाडी कडेला लावली आणि कटिंग हातात येईपर्यंत तिच्याभोवती तीन मुलं जमली. गोल हेडलाइट, फुगीर टाकी, टाकीवर इंग्रजी अक्षरांत नाव. एकाने फोटो काढला. दुसरा म्हणाला, ‘ब्रिटिश आहे ना ही?’ तिसऱ्याने थेट मुद्द्यालाच हात घातला. ‘दादा, हप्ता किती बसतो?’

पहिल्या प्रश्नाला मी ऐटीत ‘हो’ म्हणालो. दुसऱ्याला ‘बसतो थोडाफार’ म्हणून निसटलो. अंबरनाथला घरी पोहोचेपर्यंत मात्र स्वतःचाच राग आला. दोन्ही उत्तरं अर्धवट होती. म्हणून आता पूर्ण उत्तरं देतो. त्या तिघांना, आणि शोरूमच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांना.

तर, गाडी आहे ट्रायम्फ स्पीड ४००. नाव इंग्लंडचं, डिझाइन इंग्लंडमधल्या हिंकलीच्या कंपनीचं. बनते मात्र पुण्याजवळ चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात. जुलै २०२३ मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती २ लाख ३३ हजार, आणि पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना त्यातही दहा हजारांची सूट. म्हणजे बदलापूरहून कर्जत, खोपोली, लोणावळा करत निघालात तर ज्या ‘ब्रिटिश’ गाडीचं तुम्हाला कौतुक आहे तिच्या जन्मगावी तुम्ही दुपारच्या जेवणाआधी पोहोचाल.

हे सांगितलं की काहींचा चेहरा पडतो. ‘म्हणजे ओरिजिनल नाही?’ अरे, हा प्रश्न आपण विचारायचा? ज्या उल्हासनगरला सगळी दुनिया ‘मेड इन यूएसए’ म्हणून चिडवते, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, त्या गावाच्या पोरांनी? फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेली माणसं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हाताशी भांडवल नव्हतं, तरी त्यांनी जे जमेल ते बनवायला आणि विकायला घेतलं. त्यातलं काही नकली होतं, हे खरंच. पण त्यातूनच फर्निचरचा, कापडाचा, जीन्सचा बाजार उभा राहिला, आणि आज मुंबईची माणसं लोकल पकडून तिथे खरेदीला येतात. वस्तू कुठे बनली यावरून तिची लायकी ठरवायची असेल, तर आधी आपल्याच गावाकडे बघून नाक मुरडावं लागेल.

आणि ट्रायम्फ तरी कुठे शुद्ध तुपातली ब्रिटिश होती? तिचा संस्थापक सीगफ्रीड बेटमान हा जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून इंग्लंडला आलेला माणूस. कंपनीची पहिली मोटरसायकल १९०२ मधली. कोव्हेंट्रीतला कारखाना नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, मग मेरिडन नावाच्या गावी बस्तान हलवावं लागलं. तिथे १९५९ मध्ये बॉनव्हिल आली. आज जिला आपण ‘रेट्रो लूक’ म्हणतो तो बराचसा तिचा. पुढे जपानी गाड्यांसमोर टिकाव लागेना आणि १९८३ मध्ये तोही कारखाना संपला. जॉन ब्लूर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने तेव्हा कंपनीचं नाव विकत घेतलं आणि हिंकलीला सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. घर उद्ध्वस्त होणं, दुसऱ्या गावी जाणं, नाव तेवढं जवळ ठेवून नव्याने धंदा मांडणं. उल्हासनगरच्या आजी-आजोबांना ही गोष्ट सांगून बघा, त्यांना ती अजिबात परकी वाटणार नाही.

बाकीच्या ‘साहेबां’चंही तेच. रॉयल एनफिल्ड मूळची रेडिचची, १९५५ मध्ये मद्रासला आली. इंग्लंडमधली कंपनी बंद पडली, मद्रासवाली टिकली. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. बीएसएचं नाव महिंद्रांशी जोडलेल्या क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि तिची गोल्ड स्टार ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आली. तेव्हा ‘ब्रिटिश’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजत असाल तर जरा थांबा. मोजायचेच असतील तर त्याच्या आत काय आहे त्यासाठी मोजा.

आत काय आहे? ३९८ सीसीचं इंजिन, ४० पीएसची ताकद, सहा गिअर, दोन्ही चाकांना एबीएस, मागचं चाक घसरू नये म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल. इंजिनाच्या डोक्यावर जुन्या गाड्यांसारख्या पट्ट्या दिसतात. पूर्वी इंजिन हवेने गार व्हायचं तेव्हा त्या पट्ट्यांवर सगळी भिस्त असायची. इथे ते काम पुढे बसवलेला रेडिएटर करतो, पट्ट्या मुख्यतः लूकसाठी. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की जुन्या गाडीसारखी केबल ओढली जात नाही, सेन्सरकडून सिग्नल जातो. थोडक्यात, गाडी आतून पूर्ण आजची आहे, फक्त कपडे आजोबांचे. यात फसवणूक काही नाही. उलट मला हे आवडतं. जुन्या गाड्यांचं तेल गळणं आणि किक मारून पाय दुखणं रोमँटिक वाटतं ते फक्त त्या ज्यांनी चालवल्या नाहीत त्यांना. खरंखुरं जुनंच बघायचं असेल तर आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात या. शिलालेख शके ९८२ चा आहे, म्हणजे इसवी सन १०६०!

आता चालवण्याविषयी. हा भाग रील्समध्ये नसतो.

सोमवारी सकाळी श्रीराम चौकातून निघा. गाडीला आरसे हँडलच्या टोकांना आहेत. दिसतात झकास, पण रिक्षा आणि टेम्पोच्या मधल्या फटीतून स्कूटरवाला सुळकन जातो तेव्हा तुम्ही आरशांची रुंदी मोजत मागे उभे असता. पाच मिनिटं गाडी रांगेत उभी राहिली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम वारा पायावर येतो. एप्रिल-मे महिन्यात तर पँटला इस्त्री होते म्हणा ना. गाडीची खरी मजा आहे साठ-सत्तरच्या पुढे. कल्याण-बदलापूर रोड ऑफिसच्या वेळी तुम्हाला देतो पंचवीस. पावसाळ्यात काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकमधल्या खाचेत चाक अडकलं की तुमचे ४० पीएस काही कामाचे नसतात, तिथे हळू जाणाराच शहाणा ठरतो.

आणि मग येतो रविवार. पहाटे साडेपाचला बदलापूरमधून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं. दोन्ही बाजूंना झाडी, अंगावर गार हवा, रस्ता वळत वळत मुरबाडकडे जातो आणि मन केलं तर पुढे माळशेजपर्यंत. चौथ्या गिअरमध्ये गाडी एका लयीत येते तेव्हा आठवड्याचा सगळा शीण उतरतो. खोटं कशाला बोलू, त्या दोन तासांसाठी मी ही गाडी घेतली आणि ते दोन तास पैसे वसूल आहेत.

पण महिन्यात असे रविवार किती मिळतात? मला दोन. ऑफिस ऐरोलीला, म्हणून रोज लोकलच. गाडी महिन्यातून दोनदा धावते, हप्ता मात्र सगळे तीस दिवस धावतो.

तर हा घ्या हिशोब, जो त्या मुलाला मी दिला नाही. गाडी रस्त्यावर येईपर्यंत खर्च गेला तीन लाखांच्या घरात. त्यातले दोन लाख चाळीस हजार कर्ज. साडेदहा टक्के व्याज आणि तीन वर्षं धरली तर महिन्याला हप्ता बसतो साधारण ७ हजार ८०० रुपये. व्याजापोटी जातात जवळजवळ ४१ हजार. पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे आणि माझ्या गाडीला मिळतात २७-२८ किलोमीटर. वर विमा, हेल्मेट, टायर. सर्व्हिस १६ हजार किलोमीटरनी किंवा वर्षाने, हा एक दिलासा. कराचंही लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे ३४९ सीसी आणि ३९८ सीसी यांत फरक ४९ सीसीचा दिसतो, पण करात तो बावीस टक्क्यांचा आहे.

मी हे सगळं नोकरीच्या चौथ्या वर्षी केलं आणि तरीही पहिले सहा महिने हात आखडला. माझ्या एका मित्राने तेच थर्ड इयरला केलं. कर्ज वडिलांच्या नावावर, हप्ता ‘मी भरतो’ या बोलीवर. पहिले दोन महिने क्लासेस घेऊन भागवलं. मग रात्री फूड डिलिव्हरी सुरू केली, त्याच गाडीवर! विचार करा, शंभर सीसीच्या गाडीला साठ किलोमीटर मिळतात तिथे याला त्याच्या निम्मे. जे कमवायचा त्यातलं बरंचसं टाकीतच जायचं. रात्री एकला घरी, सकाळच्या लेक्चरला दांडी, आणि शेवटी दोन विषयांत केटी. गाडी वर्षभरात विकली, पण कर्जाची सगळी रक्कम काही तिच्यातून निघाली नाही. उरलेलं त्याच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून फेडलं. तो आजही भेटला की माझ्या गाडीकडे बघतो, पण चावी मागत नाही.

ज्या जीन्सपासून सुरुवात केली तिच्या धुलाईचं निळं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत गेलं. दुकानात लावलेल्या किमतीत नदीचा हिशोब नव्हता. दिसण्याची किंमत कुणीतरी भरतंच. आपल्या गाडीच्या बाबतीत तो ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा घरातलाच असतो, एमआयडीसीतल्या सेकंड शिफ्टला जाणारा.

म्हणून माझं मत सरळ आहे. रेट्रो बाइकची हौस वाईट नाही, हौसेला मोल नसतं हेही मान्य. पण हौस तुमची आणि मोल बाबांचं, हे बरोबर नाही. स्वतःच्या पगारातून हप्ता जाणार असेल आणि तो पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसत असेल, तर खुशाल घ्या. त्याआधी मित्राची किंवा शोरूमची गाडी गर्दीच्या वेळी चालवून बघा, रविवारी सगळ्याच गाड्या छान वाटतात. सायलेन्सर बदलून फटाके फोडायची इच्छा झाली, तर जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवतानाचे फोटो आठवा आणि रात्री झोपू न शकणारं शेजारचं बाळही. तोवर घरची स्कूटर आहे, लोकलचा पास आहे. त्यात कमीपणा काही नाही.

बदलापूरच्या नावाबद्दल एक गोष्ट सांगतात. लांबच्या प्रवासाला निघालेले स्वार इथे थांबून घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासवाल्यांना माहीत, मला त्यातली एकच गोष्ट आवडते. ते स्वार घोडा बदलायचे कारण त्यांना पुढे कुठेतरी जायचं असायचं. तुम्हालाही कुठे जायचंय ते आधी ठरू द्या.

आणि तू, टपरीवर हप्ता विचारणारा. तुझा प्रश्न त्या तिघांत सगळ्यात शहाणा होता. पुन्हा भेटलास तर आकडा सांगेन, सगळा. शिवाय चावीही देईन. लायसन्स असेल तर चौकापर्यंत एक चक्कर मारून ये. हेल्मेट घालून.