सुरक्षेच्या खर्चात सुट्टीचे विमान नको

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन भागात एका हॉटेलबाहेर ब्रायन थॉम्पसन यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडण्यात आल्या. युनायटेडहेल्थकेअर या विमा कंपनीचे ते मुख्याधिकारी. गुंतवणूकदारांच्या बैठकीला पायी निघाले होते, सोबत एकही अंगरक्षक नव्हता. या हत्येनंतर अमेरिकेतल्या संचालक मंडळांनी बड्या अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा खर्च झपाट्याने वाढवला. युनायटेडहेल्थकेअरच्या मूळ कंपनीनेही २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या सुरक्षेवर सुमारे १७ लाख डॉलर खर्चल्याचे पुढे जाहीर केले. या खर्चाला कोणी हरकत घेऊ नये. माणूस जिवानिशी गेला आहे.

हरकत आहे ती या हत्येचा आधार घेऊन पुढे आलेल्या मागणीला. अमेरिकी शेअर बाजाराची नियामक संस्था एसईसी हिने जून २०२५ मध्ये अधिकाऱ्यांच्या मोबदल्यावर चर्चासत्र भरवले. सुरक्षेचा खर्च अधिकाऱ्याची वैयक्तिक सुविधा म्हणून दाखवण्याची सक्ती आता असावी का, हा प्रश्न तिथे मांडला गेला. संस्थेचे अध्यक्ष पॉल अ‍ॅटकिन्स यांनी स्वतःच हा मुद्दा चर्चेला आणला होता. सक्ती काढून टाकावी, असे कंपन्यांच्या बाजूचे म्हणणे आहे. ते मान्य झाले तर नुकसान भागधारकांचे होईल.

मुळात २००६ पासूनचा हा नियम कोणाला अंगरक्षक ठेवू नका असे सांगत नाही. घरचा पहारा, खासगी प्रवासातले संरक्षण, कंपनीच्या विमानातून केलेला वैयक्तिक प्रवास या गोष्टी संचालक मंडळाला कितीही गरजेच्या वाटल्या, तरी त्यांचा लाभ अधिकाऱ्याला व्यक्तिशः मिळतो. अशा सुविधांची बेरीज वर्षाला १०,००० डॉलरवर गेली की ती भागधारकांना कळवायची, एवढेच त्यात आहे. खर्चावर कसलीही मर्यादा नाही.

मेटाचे उदाहरण पाहावे. तिचे मुख्याधिकारी मार्क झुकरबर्ग यांचा पगार वर्षाला १ डॉलर. मात्र २०१८ मध्ये त्यांच्या सुरक्षेवर सुमारे २ कोटी डॉलर आणि खासगी विमानप्रवासावर सुमारे २६ लाख डॉलर कंपनीने खर्च केले. २०२३ पासून त्यांचा वार्षिक सुरक्षाभत्ताच १ कोटी ४० लाख डॉलर आहे. त्यांच्या जिवाला असलेला धोका खोटा नाही. पण पहाऱ्याचा आकडा वेगळा आणि विमानाचा वेगळा छापलेला असल्यामुळेच वाचणाऱ्याला त्याबद्दल मत बनवता येते. कंपनीतली निम्म्याहून अधिक मते झुकरबर्ग यांच्याच हातात आहेत. बाकीच्या भागधारकांकडे या माहितीखेरीज दुसरे हत्यार नाही.

आता विमानाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

अधिकारी कुटुंबासह सुट्टीवर गेला तर अहवालात त्या फेरीचा फक्त वाढीव खर्च दाखवतात. म्हणजे इंधन, विमानतळावर उतरण्याचे शुल्क, वैमानिकांचा मुक्काम आणि जेवण. विमानाची किंमत, हँगर, वैमानिकांचा कायम पगार यांतले काही त्यात धरले जात नाही. आयकरासाठीचा हिशेब आणखी वेगळा. तिथे एका ठरावीक सूत्राने प्रवासाची किंमत काढतात आणि ती प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने बरीच कमी निघते. त्यातही कंपनीने सुरक्षेचा स्वतंत्र अभ्यास करून घेतला असेल, तर मोठ्या विमानातून फिरणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी ती किंमत निम्म्यावर येते. ‘सुरक्षा’ हा शब्द कागदावर आला की सुट्टीचा प्रवासही स्वस्त होतो, तो असा. अ‍ॅपलने तर २०१७ मध्ये आपले मुख्याधिकारी टिम कुक यांना सुरक्षा आणि कार्यक्षमता या कारणांनी कामाचा आणि खासगी, सगळाच प्रवास खासगी विमानाने करणे बंधनकारक केले. पण तो खर्च अ‍ॅपल अहवालात नोंदवते, म्हणून त्यावर निदान बोलता तरी येते.

सगळ्याच कंपन्या इतके नीट सांगत नाहीत. डाऊ केमिकलने आपल्या मुख्याधिकाऱ्याच्या सुमारे ३० लाख डॉलरच्या सुविधा नियमाप्रमाणे दाखवल्या नव्हत्या. २०१८ मध्ये तिला साडेसतरा लाख डॉलर दंड झाला. हिल्टनलाही २०२० मध्ये ६ लाख डॉलर भरावे लागले आणि त्या प्रकरणातही कंपनीच्या विमानाचा वैयक्तिक वापर होता. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असताना जेफ इमेल्ट यांच्या काही दौऱ्यांत त्यांच्या विमानामागून दुसरे रिकामे विमान जात असे, हे २०१७ मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले. नियम असताना ही स्थिती आहे.

विमान हातात असले की अधिकाऱ्याच्या वागण्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे १९ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे दिसले. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तिघांचे प्रमुख २५ अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज मागायला आले होते. खासदार ब्रॅड शर्मन यांनी विचारले, नेहमीच्या प्रवासी विमानाने कोण आले? हात वर करा. एकही हात वर गेला नाही. मग विचारले, आपले विमान विकून साध्या विमानाने परत जायला कोण तयार आहे? तेव्हाही हात खालीच राहिले. पुढच्या महिन्यात तेच तिघे डेट्रॉइटहून मोटारीने वॉशिंग्टनला आले आणि सुखरूप पोहोचले. न्यूयॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड यरमॅक यांचा २००६ चा अभ्यासही इथे विचारात घ्यावा. मुख्याधिकाऱ्याला कंपनीच्या विमानाचा खासगी वापर करू देणाऱ्या कंपन्यांचा शेअर-परतावा बाजाराच्या तुलनेत वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक मागे पडल्याचे त्यांना आढळले. विमानामुळेच परतावा घटतो असे यातून सिद्ध होत नाही. पण गुंतवणूकदाराला ही माहिती उपयोगाची असते, हे नक्की सिद्ध होते.

आपल्याकडे तर त्याहूनही कमी सांगितले जाते. शेअर बाजाराची आपली नियामक संस्था सेबी हिच्या नियमांनुसार संचालकांचा मोबदला पगार, लाभ, बोनस, स्टॉक ऑप्शन अशा ढोबळ गटांत दाखवला की काम भागते. ‘लाभ’ या एका शब्दात घर, मोटार, पहारा, विमान सगळे मावते. धोका आपल्याकडेही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत उद्योगपती अंबानींच्या अँटिलिया या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली गाडी सापडली होती. अंबानी कुटुंबाला देश-परदेशात झेड प्लस संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, तेव्हा त्याचा सगळा खर्च त्या कुटुंबानेच सोसायचा हेही त्याच आदेशात होते. संरक्षण मिळाले आणि पैसे कोण देणार तेही लोकांना कळले. एक बाब सांगितल्याने दुसरी धोक्यात आली नाही.

मुक्कामाचे पत्ते, रक्षकांची संख्या, प्रवासाच्या वेळा उघड कराव्यात असे कोणी म्हणत नाही. वर्षाचा एकूण आकडा छापल्याने हल्लेखोराच्या हाती काही लागत नाही. दरमहा म्युच्युअल फंडाचा हप्ता भरणाऱ्या ठाण्या-नाशिकच्या माणसाला मात्र आपल्या पैशाचे काय होते ते कळते. म्हणून एसईसीने आपला नियम सैल करू नये. सेबीने प्रत्येक सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात तीन वेगळ्या ओळी सक्तीच्या कराव्यात: घर आणि व्यक्तीच्या संरक्षणाचा खर्च, कंपनीच्या विमानातून झालेल्या खासगी प्रवासाचे तास आणि त्यांचा पूर्ण खर्च, आणि त्यातून अधिकाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम. सेबीचा नियम होईपर्यंत भागधारकांनी या तीन आकड्यांची मागणी वार्षिक सभेत लेखी नोंदवावी आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावावे.

आपला,
एक भागधारक वाचक, ठाणे