मूळ कॉमिक म्हणजे नेमकं कुठलं?

सुपरहिरोंचा नवा सिनेमा आला की कट्ट्यावर दोन पार्ट्या पडणार, हे ठरलेलं. एका पार्टीला सिनेमा ‘कडक’ वाटतो, तर दुसरीच्या मते ‘कॉमिकची पार वाट लावली’. ‘फँटॅस्टिक फोर’च्या बाबतीत तर हे भांडण तीस वर्षं चाललंय. १९९४ मध्ये बनलेला पहिला सिनेमा थिएटरपर्यंत पोहोचलाच नाही, चाहत्यांनी त्याच्या चोरट्या कॉप्या बघितल्या. मग २००५ आणि २००७ चे दोन, २०१५ चा एक आणि २०२५ चा ‘फर्स्ट स्टेप्स’. दर वेळी वादात एक वाक्य हमखास येतं, ‘मूळ कॉमिकशी प्रामाणिक नाही!’

ठीक आहे. पण तुम्ही ज्याला ‘मूळ’ म्हणताय, ते नेमकं कुठलं?

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही टीम १९६१ मध्ये आणली. पहिल्या अंकात या चौघांना युनिफॉर्मसुद्धा नव्हता, तो तिसऱ्या अंकात आला. स्यू स्टॉर्म सुरुवातीला फक्त अदृश्य व्हायची. आज तिची ओळख असलेली फोर्स फील्डची ताकद तिला १९६४ मध्ये मिळाली. ‘इनव्हिजिबल गर्ल’ची ‘इनव्हिजिबल वुमन’ व्हायला तर १९८५ उजाडलं. २००४ मध्ये ‘अल्टिमेट फँटॅस्टिक फोर’ आलं. त्यात चौघं एकदम तरुण झाले आणि अंतराळप्रवासाच्या जागी टेलिपोर्टचा प्रयोग आला. म्हणजे कॉमिकनेच कॉमिक कितीदा तरी बदललंय. ज्या २०१५ च्या सिनेमाला ‘कॉमिकशी संबंधच नाही’ म्हणून झोडपलं गेलं, त्याने बराच मालमसाला या ‘अल्टिमेट’मधूनच उचलला होता. तो सिनेमा फसला हे खरं, पण कॉमिक सोडलं म्हणून नाही फसला.

मग प्रामाणिक राहायचं ते कशाशी? आमचं मत असं, की युनिफॉर्मच्या निळ्या रंगाशी नाही, तर पहिल्या अंकातल्या एका भांडणाशी.

आठवा तो प्रसंग. रीड रिचर्ड्सला कम्युनिस्टांच्या आधी अंतराळात जायचंय. पायलट बेन ग्रिम त्याला सांगतो, की कॉस्मिक किरणांचा धोका आहे. त्याचं कुणी ऐकत नाही. उलट स्यू त्यालाच भित्रा म्हणते. शेवटी बेन तयार होतो, यान उडतं आणि किरणांचा मारा होतो. रीड रबरासारखा ताणला जातो, स्यू अदृश्य होते, जॉनी पेटतो. या तिघांना हवं तेव्हा माणसासारखं दिसता येतं. ज्याने ‘नको’ म्हटलं होतं, तो बेन मात्र कायमचा दगड होऊन बसतो. चूक रीडची, शिक्षा बेनला, आणि तरी दोघं एकाच घरात राहतात, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. या कॉमिकचा जीव इथे आहे. अपराधीपणाची भावना, राग आणि तरीही न तुटणारं घर.

आता याच मापाने सिनेमे मोजून बघा, निकाल बदलतो.

२००५ च्या सिनेमाला आपण हसतो. बेनचा रबरी सूट, उद्योगपती बनवलेला डॉक्टर डूम, टीव्ही मालिकेसारखे विनोद. पण त्यातला पुलावरचा प्रसंग आठवा. बेनची होणारी बायको अंगठी काढून ठेवते आणि निघून जाते. त्याच्या जाडजूड दगडी बोटांना ती अंगठी उचलताच येत नाही. ती उचलून देतो रीड. पहिल्या अंकातली जखम त्या काही सेकंदांत पूर्ण उतरली आहे. २०१५ मध्ये रीड अपघातानंतर बेनला मागे सोडून पळून जातो. म्हणजे अपराधीपणा होता, पण घरच नव्हतं. चौघं जण एकत्र असे दिसतातच किती वेळ? ‘फर्स्ट स्टेप्स’मध्ये याच्या उलट झालंय. साठच्या दशकाचा थाट, जेवणाचं टेबल, स्यूचं बाळंतपण, सगळं घर छान उभं राहतं. बेनचं दुःख मात्र बरंच हलकं केलंय. हा सिनेमा आम्हालाही आवडला. तरी सगळ्यांत ‘कॉमिकसारखा’ दिसणाऱ्या सिनेमाने कॉमिकचा सगळ्यांत खोल धागा सैल सोडला, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही.

आणि पिक्सारचा २००४ चा ‘द इन्क्रेडिबल्स’? ताणली जाणारी आई, अदृश्य होणारी मुलगी आणि डायनिंग टेबलवरची भांडणं. नाव वेगळं, माणसं वेगळी, तरी ‘फँटॅस्टिक फोर’वरचा सर्वोत्तम सिनेमा हाच, असं म्हणणारे चाहते कमी नाहीत. यातच काय ते आलं.

एवढं सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. ‘मूळ कॉमिक’ हा शब्द कधीकधी भलत्याच गोष्टीची ढाल बनतो. २०१५ च्या सिनेमात जॉनीची भूमिका मायकल बी. जॉर्डनला मिळाली, तेव्हा सिनेमा यायच्या कितीतरी आधी गदारोळ उठला. जॉनी गोरा, सोनेरी केसांचा आहे, मग हा कसा चालेल? शेवटी जॉर्डनला या टीकेला जाहीर लेख लिहून उत्तर द्यावं लागलं. सिनेमा आपटल्यावर ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’ म्हणणारे पुढे आले. पण जॉनी म्हणजे काय? उतावळा, बेनच्या खोड्या काढणारा, बहिणीवर जीव असलेला पोरगा. यातलं काय त्वचेच्या रंगाने अडतं? सिनेमात स्यू दत्तक मुलगी होती, म्हणजे बहीण-भावाच्या नात्याचा प्रश्नही सुटला होता. पटकथा कच्ची असल्याचा राग नटाच्या रंगावर काढणं याला कॉमिकप्रेम म्हणत नाहीत.

२०२५ मध्ये सिल्व्हर सर्फर बाई आहे म्हटल्यावर पुन्हा तेच झालं. शॅला-बाल हे पात्र कॉमिकमध्ये १९६० च्या दशकापासून आहे, हे न वाचताच लोक तावातावाने बोलत होते. सिनेमात तिला सर्फर करणं तुम्हाला पटलं नसेल, तर जरूर सांगा. फक्त कथा कुठे कमकुवत झाली, तेही सांगा.

आपल्यापैकी बहुतेकांची या चौघांशी ओळख सिनेमातून किंवा रील्समधून झाली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग दुसऱ्याला ‘तू खरा फॅन नाहीस’ म्हणायचा हक्कही आपल्याला नाही. आता ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम होणार असं जाहीर झाल्यापासून नवी खडाजंगी सुरू आहेच. होऊ दे. भांडा, चहा गार होईपर्यंत भांडा. पण ट्रेलरवरून निकाल लावू नका. आणि जमलं तर त्याआधी १९६१ चा तो पहिला अंक मिळवून वाचा. बेन ‘नको’ म्हणतो ते पान वाचलंत, की पुढचं भांडण आपोआप जास्त रंगेल.