हीटर आधी, खेकडा नंतर!

यवतमाळात डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. आपण दोन ब्लँकेटं ओढून झोपतो. पण टेबलावरच्या काचपेटीतल्या शंखवाल्या खेकड्याचं, म्हणजे हर्मिट क्रॅबचं काय?

त्याला साधारण २४ ते २८ अंशांची ऊब लागते. जमिनीवर राहत असला तरी तो श्वास कल्ल्यांनीच घेतो, म्हणून हवाही दमट हवी. माशांच्या टाकीतला हीटर पाणी तापवतो, हवा नाही. इथे तो बिनकामाचा. बल्ब लावला तर हवा कोरडी पडते. पेटीखाली हीट मॅट ठेवली, तर कात टाकायला वाळूत शिरलेला जीव खालूनच भाजू शकतो. मग? मॅट मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा. सोबत थर्मोस्टॅट आणि दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर घ्या. झाकण तर हवंच.

एवढा खर्च जड जातोय? मग खेकडा घेऊच नका. बाजारातले बहुतेक खेकडे पैदास केलेले नसतात, किनाऱ्यावरून उचललेले असतात. ‘क्यूट’ म्हणून आणायचं अन् थंडीत हळूहळू मारायचं, हे प्रेम नाही दोस्तांनो. ऊब देता येत नसेल, तर त्याला किनाऱ्यावरच राहू द्या.