शेवाळाचे इंधन आणि आपले तलाव

शेवाळापासून तेल निघते, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ अशी तब्बल अठरा वर्षे त्यावर संशोधन केले. शेवाळ वाढले, तेलही निघाले. परंतु खनिज तेलापुढे ते फार महाग पडले. पाण्यात विखुरलेल्या सूक्ष्म पेशी गोळा करून सुकविण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते.

तरीही तलावांचा जिल्हा म्हणविणाऱ्या गोंदियात हा विचार कोणीतरी मांडणारच. माझा त्यास एका अटीवर पाठिंबा आहे : मालगुजारी तलावांना हात लावू नये. पाणी शेवाळाने दाट हिरवे झाले की रात्री त्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि ढिवर बांधवांची चूल विझते. शिवाय १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांचा वारसा आहे, त्यांनी सार्वजनिक पाणी एखाद्या कंपनीच्या कुंपणात जाऊ द्यावे काय?

शेवाळास नत्र व स्फुरद लागते. उसना तांदळासाठी राईस मिलमध्ये धान भिजविलेल्या पाण्यात ते दोन्ही असते, आणि ते आंबूस वासाचे पाणी शुद्ध केल्याविना सोडणे घातकच. फुलचूरच्या आपल्या विद्यार्थ्यांनी प्रयोग करावा तो अशा पाण्याच्या एका टाकीवर. पाणी किती निवळले हे आधी मोजावे, तेल किती निघाले हे नंतर.