होनवडजची भाग्यश्री

मुखेड तालुक्यातले होनवडज हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या गावच्या भाग्यश्री जाधव हिने २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला, अपंग खेळाडूंच्या पॅरालिम्पिकमध्ये, सुमित अंतिल याच्या जोडीने भारताचा झेंडा धरला. आम्हाला आज सांगायचे आहे ते झेंड्याच्या आधीचे.

ती लग्न होऊन सासरी गेली. सन २००६ मध्ये तिच्यावर विषप्रयोग झाला, असे वृत्तपत्रांतून आलेले आहे. बेशुद्धीतून जीव वाचला, पण पाय गेले. मैदानावर ती आली सन २०१७ मध्ये. मधल्या अकरा वर्षांचा अंदाज पुरुष मंडळींना येणे कठीण, बायाबापड्यांना येईल. सासर सुटलेली, त्यात चालता न येणारी लेक ओसरीवर दिसली, की येणारा-जाणारा ‘हिचे पुढे कसे?’ एवढेच विचारतो. हिला काय करता येईल, हे विचारणारा विरळा.

घरातल्या छळाविरुद्धचा कायदा त्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा हक्क बाईला त्याने दिला. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, १८१ वर फोनही लागतो. पण लेक पहिल्यांदा रडत माहेरी येते, तेव्हा ‘थोडे सोस बाई’ म्हणून तिला परत धाडणारे आपणच असतो ना?

आता तिचा खेळ. जमिनीला पक्क्या बांधलेल्या आसनावर खेळाडूला पट्ट्यांनी आवळतात. गोळा तीन किलोचा. बैठक आसनावरून उचलली की फेक बाद. बाजेवर पाय वर घेऊन बसावे आणि तेवढा धोंडा फेकून पाहावा, म्हणजे पायांचे बळ किती असते ते कळते!

टोकियोला २०२१ मध्ये तिचा गोळा ७ मीटर गेला, सातवा क्रमांक आला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये रौप्यपदक मिळाले, कोबेच्या जागतिक स्पर्धेत २०२४ मध्ये दुसरे. पॅरिसला पदक हुकले. तिथे ७.२८ मीटर, पाचवा क्रमांक. टोकियोहून पॅरिसपर्यंत तीन वर्षांत गोळा पुढे सरकला तो एक वीत आणि तीन बोटे.